समुद्रावरून नावं आणलेलं कुटुंब

एप्रिल १९४६. युद्ध हरून जपानला आठच महिने झाले होते. शहरं जळालेली, अन्न रेशनवर, कागदाचाही तुटवडा. अशा दिवसांत फुकुओका शहरातल्या ‘युकान फुकुनिची’ या सायंदैनिकात सव्वीस वर्षांची एक मुलगी चार चौकटींची चित्रमालिका काढू लागली. तिचं नाव माचिको हासेगावा आणि मालिकेचं ‘सझाए-सान’.

पात्रांची नावं तिला मोमोची किनाऱ्यावर फिरताना सुचली. नायिका सझाए म्हणजे शिंपल्यातला गोगलगाईसारखा जीव. धाकटा भाऊ कात्सुओ हा मासा, बहीण वाकामे हे खायचं शेवाळ, आई फुने म्हणजे होडी. सगळं घरच समुद्रातून वर आलेलं! आणि त्या घरात चाललेलं असायचं ते रोजचंच: रांगा, टंचाई, भांडणं, हशा. सझाए धांदरट, मोठ्यानं हसणारी, कुणापुढे न दबणारी. भुकेल्या वाचकांना ती आपल्याच शेजारची वाटली, यात नवल नाही.

माचिकोचा जन्म १९२० चा, क्युशू बेटावरच्या सागा प्रांतातला. वडील लवकर गेले, आई मुलींना घेऊन टोकियोला आली. शाळकरी वयातच माचिको ‘नोराकुरो’ या गाजलेल्या मालिकेचे कर्ते सुइहो तागावा यांची शिष्या झाली आणि पंधराव्या वर्षी तिचं काम छापून आलं. व्यंगचित्रं हा तेव्हा सगळा पुरुषांचाच प्रांत होता.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती सझाएच्या लग्नाची गोष्ट. हासेगावा कुटुंबानं फुकुओकाहून टोकियोला परतायचं ठरवलं, तेव्हा मालिका संपवायची म्हणून माचिकोनं सझाएचं लग्न लावून टाकलं. पण मालिका पुन्हा सुरू झाली आणि पुढे जावई मासुओ बायकोच्या माहेरी राहायला आला, तोही आपलं आडनाव न बदलता. सझाए लग्नानंतरही आईवडिलांच्याच घरात, त्याच मोकळेपणानं वावरत राहिली. त्या काळच्या जपानमध्ये हे घर असंख्य वाचकांनी आपलंसं केलं!

पुस्तकही बहिणींनी स्वतःच काढलं. मोठी बहीण मारिको हिच्याबरोबर माचिकोनं ‘शिमाइशा’ ही प्रकाशनसंस्था उभारली. पहिला खंड आडव्या आकारात छापला, तर दुकानांच्या फळ्यांवर तो नीट बसेना आणि प्रती परत येऊ लागल्या. दुसरा खंड त्यांनी लहान आकारात काढला. तो असा खपला की दुकानदार पहिल्याचीही मागणी करू लागले. १९४९ पासून मालिका ‘असाही शिम्बुन’मध्ये आली आणि १९७४ पर्यंत चालली. एकूण सहा हजारांवर पट्ट्या! मधल्या काळात माचिकोनं ‘इजिवारु बासान’ ही खोडसाळ आजीही रंगवली. लग्न तिनं केलं नाही.

१९९२ मध्ये ती गेली आणि त्याच वर्षी तिला मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान पुरस्कार मिळाला. फुजी टीव्हीवर ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झालेली सझाएची ॲनिमेशन मालिका मात्र आजही दर रविवारी संध्याकाळी लागते. जगातली सर्वांत दीर्घकाळ चाललेली ॲनिमेशन मालिका म्हणून तिची गिनीज बुकात नोंद आहे. २०१३ पर्यंत तिची चित्रं पारदर्शक तावांवर हातानं रंगवली जात होती. आणि इतक्या वर्षांत सझाए विशीच्या पुढे गेलेली नाही.