दिघीहून येणारा रस्ता
(लेखमाला : सुरक्षेचा बदलता विचार – भाग ५)

मागच्या आठवड्यात आपण कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम समितीने काय सांगितले ते पाहिले. ती चर्चा डोंगरातल्या सीमेची होती. या भागात आपल्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याने निघू. पिरंगुटहून पश्चिमेला गेलेली गाडी पौड, मुळशी धरण, ताम्हिणी घाट करत निजामपूर-माणगावला उतरते आणि पुढे म्हसळ्यावरून दिघी बंदराला पोहोचते. अंतर साधारण दीडशे किलोमीटर. शनिवार-रविवारी निम्मे पुणे याच वाटेने दिवेआगर-श्रीवर्धनला जाते. महाराष्ट्राच्या जमिनीला परका देश कुठेच भिडत नाही, आपली आंतरराष्ट्रीय सीमा म्हणजे हा समुद्रच. ती सीमा आहे हे मात्र आपल्याला फार उशिरा पटले.

जानेवारी १९९३ मध्ये याच दिघीला शस्त्रे उतरली. फेब्रुवारीत जवळच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स आले. १२ मार्चला मुंबईत स्फोटांची मालिका झाली, २५७ माणसे गेली, सातशेहून अधिक जखमी झाली. या साऱ्या कहाणीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते ठिकाण आहे गोंडघर फाटा. दिघीहून माल घेऊन निघालेली वाहने पोलिसांनी तिथे अडवली होती. अडवली, आणि लाच ठरवून सोडून दिली. पैसे हातात पडेपर्यंत चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेतल्या. पुढे टाडा न्यायालयाने पोलीस आणि कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनाही दोषी ठरवले. सीमा ओलांडून आलेला माल हाताशी आला होता, तो फाट्यावर विकला गेला.

तरी त्या वर्षी लोक बोलत होते ते दंगलींबद्दल, अंडरवर्ल्डबद्दल, दुबईबद्दल. नौदल, तटरक्षक दल आणि पोलिसांची संयुक्त गस्त, म्हणजे ‘ऑपरेशन स्वान’, तेव्हाच सुरू झाली, पण तिचे नाव किनाऱ्याबाहेर फारसे कुणाला माहीत नव्हते. चोरटा माल म्हणजे सोने नाहीतर घड्याळे, अशी सवय झालेली. तस्करी हा गुन्हा असला तरी ती देशाच्या सुरक्षेला पडलेली भेग आहे, असे वाटत नव्हते.

ते बदलले २००८ मध्ये. ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी नौका समुद्रात पळवून, तिच्या तांडेलाला मारून, दहा दहशतवादी २६ नोव्हेंबरच्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. हे कोण, असा प्रश्न पहिल्यांदा पडला तो तिथल्या कोळी माणसांना. पुढच्या काही तासांत, गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर, सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी त्या दहांपैकी कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरली. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचा हा माणूस, हातात फक्त लाठी. त्यांनी जीव दिला म्हणून कसाब जिवंत सापडला, आणि कट कुठून आला हे जगासमोर मांडता आले.

त्यानंतर सरकारची पावले भराभर पडली: एनआयएची स्थापना, मुंबईत एनएसजीचा तळ, राज्याची ‘फोर्स वन’, सागरी सुरक्षेची मुख्य जबाबदारी नौदलाकडे, मच्छीमारांना ओळखपत्रे. लोकांची नजरही बदलली. सप्टेंबर २०१६ मध्ये, उरीचा हल्ला ताजा असताना, उरणच्या शाळकरी मुलांनी काळ्या कपड्यांतली हत्यारबंद माणसे दिसल्याचे सांगितले आणि सारी यंत्रणा रस्त्यावर आली. हाती काही लागले नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ वाहून आलेल्या ‘लेडी हान’ या रिकाम्या बोटीत तीन एके-४७ सापडल्या, तेव्हा रायगडभर नाकाबंदी लागली. इंजिन बिघडल्याने खलाशांनी सोडलेली बोट ती, दहशतवादाचा संबंध निघाला नाही. दोन्ही वेळची धावपळ मला वाया गेलेली वाटत नाही. १९९३ मध्ये शेखाडीच्या किनाऱ्यावर कुणी असे धावले असते तर?

पुण्यात ही भीती १३ फेब्रुवारी २०१० ला आली. कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत ठेवलेल्या बॅगेने १७ जणांचा बळी घेतला. तेव्हापासून बेवारस पिशवीकडे आपण वेगळ्या नजरेने पाहतो, आणि अनोळखी भाडेकरूकडेही. पिरंगुट, उरवडे, घोटावडे फाटा या पट्ट्यातले कारखाने बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा आणि मराठवाड्यातून आलेल्या कामगारांवर चालतात. त्यांच्या खोल्यांची नोंद पोलिसांत हवी, याबद्दल माझे दुमत नाही. पण नोंद आणि संशय या दोन गोष्टी आहेत. हिंदी बोलतो किंवा नाव वेगळे आहे म्हणून खोली नाकारणे याला सुरक्षा म्हणत नाहीत. जर्मन बेकरीच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीवरचे कटाचे आरोप उच्च न्यायालयात २०१६ मध्ये टिकले नाहीत. स्फोटके बाळगल्याबद्दलची शिक्षा मात्र राहिली. संशय पुराव्याच्या पुढे धावतो, तो असा.

आता जुलै २०२३ मधले कोथरूड पाहा. रात्रगस्तीवरच्या पोलिसांनी दुचाकी चोरीच्या संशयावरून काही तरुणांना हटकले. त्यातला एक निसटला, दोघे सापडले, आणि ते एनआयएला हवे असलेले निघाले. ना खास पथक, ना गुप्त खबर. नेमून दिलेली गस्त माणसांनी मनापासून केली होती, एवढेच.

गोंडघर, गिरगाव, कोथरूड. तिन्ही ठिकाणी सीमेचा निकाल खालच्या हुद्द्यावरच्या पोलिसाच्या हातात होता. आपण मात्र कॅमेरे मागतो, कार्डे मागतो, परप्रांतीयांची यादी मागतो. पौड पोलीस ठाण्याला एवढ्या वाढलेल्या वस्तीसाठी माणसे किती, ताम्हिणीच्या वाटेवर रात्री गस्तीला गाडी असते का, अडवलेले वाहन कुणाच्या फोनवरून सुटते, हे ग्रामसभेत विचारायला हवे. विचारणाऱ्याला उत्तर लेखी मागता येते.

पुढच्या आठवड्यात : किनाऱ्यावरच्या गावांतले सागर रक्षक दल, आणि ओळखपत्रे बाळगून समुद्रात जाणाऱ्या कोळ्यांचे म्हणणे.