दुसऱ्यासाठी मारलेले पायडल

पुण्याहून सायकलवर निघालेला माणूस कात्रजचा डोंगर ओलांडतो, खेड-शिवापूर, कापूरहोळ मागे टाकतो, आणि सारोळ्याजवळ नीरा नदी पार करून सातारा जिल्ह्यात शिरतो. तिथे पहिले मोठे गाव लागते ते शिरवळ. तोवर सुमारे ५० किलोमीटर झालेले असतात, पाय भरून आलेले असतात, आणि पुढे खंबाटकीचा घाट वाट पाहत असतो. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी या रस्त्यावर एकसारखे सदरे घातलेल्या सायकलस्वारांची रांग दिसली, तर त्यांच्या पाठीवर काय लिहिले आहे ते वाचून पाहा. कधी आजारी मुलांच्या औषधपाण्यासाठी, कधी अंधांसाठी, कधी एखाद्या वसतिगृहासाठी ही मंडळी निघालेली असतात. आणि चहाच्या टपरीवरचा एखादा म्हातारबाबा हमखास विचारतो, ‘ह्यांनी घाम गाळून त्या आजारी पोराला काय मिळायचं?’

प्रश्न अगदी रास्त आहे. शिकलेसवरलेले लोकही तो मनात विचारतात, फक्त बोलून दाखवत नाहीत. तेव्हा आज त्याचाच उलगडा करू.

अशा सफरीचा सगळा कारभार एका वचनावर चालतो. समजा, तुमच्या शाळेतले एक गुरुजी पुणे ते सातारा, म्हणजे अंदाजे ११० किलोमीटर, सायकलने जायचे ठरवतात. निघण्यापूर्वी ते ओळखीच्या ४० घरी जातात आणि म्हणतात, ‘मी जितके किलोमीटर जाईन, तितके रुपये तुम्ही अमक्या संस्थेला द्या.’ गुरुजी साताऱ्याला पोचले, तर ४० गुणिले ११०, म्हणजे ४,४०० रुपये झाले. खंबाटकीच्या पायथ्याशी थकून थांबले, तर तेवढे कमी. पैसा चाकातून निघत नाही. तो ४० घरांच्या शब्दातून निघतो, आणि त्या शब्दाला जामीन राहतात गुरुजींचे पाय.

यावर कोणी म्हणेल, मग सरळ वर्गणीच का मागू नये? मागावी की! पण वर्गणी मागणारा दारात आला की आपण घाईत असतो. जो माणूस आधी स्वतः कष्ट उचलतो आणि मग मागतो, त्याच्याकडे पाहण्याची आपली नजर वेगळी असते. पंढरीला एसटीने जाता येते, तरी आपले लोक पायी जातात, आणि गावोगाव त्यांना भाकरी वाढणारी माणसेही भेटतात. चालणाऱ्याच्या कष्टात आपलाही वाटा असावा, असे घरी राहिलेल्याला वाटते. सायकलची दानफेरी याच मनोवृत्तीवर उभी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० साली ३६ स्वारांनी कर्करोगावरील संशोधन आणि उपचारांसाठी अशी एक सफर काढली आणि दहा हजार डॉलरांच्या वर रक्कम उभी केली. ती सफर पुढे दरवर्षी होत राहिली, वाढली, आणि अशा कामातला एक मोठा पायंडा ठरली. आपल्या नाशिकचे महाजन हे डॉक्टर बंधू २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडण्याच्या सायकल शर्यतीत उतरले. सुमारे ४,८०० किलोमीटरचे अंतर दोघांनी आळीपाळीने सायकल चालवून नऊ दिवसांच्या आत कापले. आपल्या चमूच्या नावातच त्यांनी आदिवासींच्या दृष्टीचा प्रश्न गुंफला होता.

पण महाराष्ट्रात सायकल आणि सेवा यांची सांगड म्हटली की मला आधी आठवतात बाबा आमटे. १९८५ च्या डिसेंबरात ‘भारत जोडो’ म्हणून त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने सायकलयात्रा काढली. बरोबर शंभराहून अधिक तरुण-तरुणी होत्या, आणि अंतर पाच हजार किलोमीटरांहून जास्त. बाबांचे वय सत्तरीच्या पुढे गेलेले. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसणेही अवघड होते, म्हणून ते गाडीत आडवे पडून या मुलांबरोबर गेले. पुढे १९८८ साली अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातेतल्या ओख्यापर्यंत दुसरी यात्रा निघाली. लक्षात घ्या, या यात्रांचा हेतू पैसे गोळा करण्याचा नव्हता. त्या काळी देशात फुटीची भाषा जोरात होती. वेगवेगळ्या प्रांतांतल्या मुलांनी एका रस्त्यावरून, एका पंगतीत जेवत जावे, आणि गावोगावच्या लोकांनी ते पाहावे, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. सायकलच का? मोटारीतला माणूस गावातून जातो, सायकलवरचा माणूस गावात थांबतो. त्याला पाणी लागते, सावली लागते, पंक्चरवाला लागतो. दानफेरीचे खरे बळही मला यातच दिसते.

आता थोडे कडू बोलतो. अशा सफरींत हौसच फार आणि दान थोडे, असेही होते. वरच्या गुरुजींचाच हिशेब पुढे नेऊ. बरोबर सामानाचा टेंपो घेतला, छापील सदरे शिवले, फलक लावले, साताऱ्यात जेवणावळ घातली, आणि खर्च सहा हजारांवर गेला. जमा ४,४००! तो खर्च जमलेल्या रकमेतून केला, तर आजारी मुलाच्या वाट्याला एक पैसा आला नाही, उलट त्याच्या नावावर १,६०० रुपयांचे देणे झाले. म्हणून मी तरी एकच नियम मानतो. सफरीचा खर्च स्वारांनी आपल्या खिशातून करावा, आणि दात्यांचा रुपया अख्खाच्या अख्खा संस्थेकडे जावा. पैसे स्वाराच्या हाती न देता थेट संस्थेच्या खात्यात भरावेत आणि पावती घ्यावी. संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली आहे का, हे विचारायला लाजू नये. विचारल्याने ज्याला राग येतो, त्याला देऊ नये. शिक्षकांनी हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडावा. शेकडेवारी शिकवायला याहून जिवंत उदाहरण मिळणार नाही.

ज्यांना प्रत्यक्ष जायचे आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. साधी, एका गतीची सायकलही चालते, पण ती अंगाला बसली पाहिजे. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवा. जास्तीची ट्यूब, ठिगळ, सोल्युशन, पाना आणि पंप जवळ हवेत. ताशी १५ किलोमीटर ही चाल नवशिक्याला पुरे. शेजाऱ्याशी धड बोलता येत नसेल, तर वेग जास्त झाला असे समजा. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी घ्या, आणि त्यात मीठ, साखर, लिंबू असू द्या. महिना-दोन महिने आधीपासून अंतर हळूहळू वाढवत नेले, तरच शंभराचा पल्ला झेपतो.

घाटाची भीती मात्र उगीच बाळगू नये. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरले, तर १०० मीटर उंची चढायला लागणारी शक्ती साधारण अर्ध्या ज्वारीच्या भाकरीत असते. म्हणजे प्रश्न शक्तीचा नाही, घाईचा आहे. दम लागला तर उतरून सायकल हाताने न्यावी. त्यात कमीपणा कसला? खरा धोका उताराचा आणि वाहनांचा. पुण्याकडे परतताना जुन्या बोगद्यापुढचे नागमोडी वळण अनेक अपघातांमुळे या भागातल्या लोकांच्या ध्यानात आहे. डाव्या कडेने, एकामागे एक, डोक्यावर हेल्मेट घालून जावे. अंधार पडण्याआधी मुक्काम गाठावा. अठरा वर्षांखालच्या मुलांना हमरस्त्यावर नेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांची फेरी गावाच्या आतल्या रस्त्यांवर, शाळेभोवती काढा. किलोमीटर तिथेही मोजता येतात.

आणि जे सायकलवर बसणार नाहीत, त्यांचे काय? शिरवळात जुन्या काळची दगडी पाणपोई आहे. वाटसरूला पाणी द्यावे ही या गावाची जुनीच रीत. सफर येणार असे कळले, तर दोन हंडे पाणी, एक घमेलेभर केळी आणि पंक्चरवाल्याला ‘आज जरा लवकर उघड’ असा निरोप, एवढे पुरते. स्वार थांबले की त्यांना विचारा, पैसे कोणाला जाणार, किती जमले, खर्च कोणी केला. उत्तर नीट मिळाले, तर आपलेही दहा रुपये लिहून घ्यायला सांगा. आणि महिन्याभराने शाळेतल्या मुलांकडून त्या संस्थेला एक पत्र धाडा, रक्कम पोचली का म्हणून.