तीनशे एकची किंमत

क्रिकेटमधली सरासरी आपल्या अंगवळणी पडलेली आहे. एकूण धावांना बाद होण्याच्या संख्येने भागले की झाले. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये हिशेब निराळा असतो. फलंदाजाला मिळालेल्या संधींपैकी किती वेळा तो स्वतःच्या फटक्यावर सुखरूप बेसवर पोहोचला, हे तिथे मोजतात. पिचरच्या वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस यात धरत नाहीत. दहा संधींत तीन वेळा जमले की सरासरी ०.३००. म्हणजे सात वेळा अपयशी ठरणारा माणूस तिथे नामांकित फलंदाज असतो!

१९६८ साली अमेरिकन लीगमध्ये फलंदाजीचे विजेतेपद बोस्टन रेड सॉक्सच्या कार्ल यास्ट्रेम्स्कीने मिळवले. सरासरी होती ०.३०१. पहिल्या क्रमांकाच्या फलंदाजाची सरासरी इतकी खाली त्यापूर्वी कधी आली नव्हती. याउलट १९३० साली नॅशनल लीगमध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या बिल टेरीने ०.४०१ची मजल मारली होती. त्या लीगमध्ये त्यानंतर कोणीही चारशेचा आकडा गाठलेला नाही. दोघांत तब्बल शंभराचे अंतर. मग मोठा कोण, हे विचारायला तरी कशाला हवे?

पण जरा आजूबाजूला पाहू. १९३०मध्ये नॅशनल लीगच्या सगळ्या फलंदाजांची मिळून सरासरी ०.३०३ होती. धावांचा नुसता पाऊस पडत होता. १९६८मध्ये अमेरिकन लीगची सरासरी होती अवघी ०.२३०. यास्ट्रेम्स्की सोडला तर तीनशेच्या वर एकही जण नव्हता. दुसऱ्या क्रमांकावरचा डॅनी केटर ०.२९०वर थांबला होता. आता भागाकार करा. टेरी आपल्या काळाच्या सरासरीपेक्षा सुमारे ३२ टक्के वर होता, यास्ट्रेम्स्की ३१ टक्के. शंभराचे अंतर जवळजवळ पुसले गेले.

असे का घडले? १९६३मध्ये नियम बदलून चेंडू वैध ठरवण्याचा पट्टा मोठा केला गेला होता. शिवाय पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो तो पंधरा इंचांचा होता. अखेर १९६९मध्ये तो दहा इंचांवर आणला गेला आणि पट्टाही लहान झाला. सगळेच फलंदाज एकदम नालायक झालेले नाहीत, खेळाचे पारडेच एका बाजूला कलले आहे, हे खेळ चालवणाऱ्यांनी ओळखले.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याची शेती करणाऱ्या पोलिश वंशाच्या कुटुंबातला हा मुलगा १९६१मध्ये बोस्टनच्या डाव्या मैदानावर उभा राहिला. ती जागा आदल्याच वर्षी निवृत्त झालेल्या टेड विल्यम्सची होती आणि विल्यम्सची कारकिर्दीची सरासरी होती ०.३४४! यास्ट्रेम्स्की १९८३पर्यंत, तेवीस हंगाम खेळला. ३,४१९ हिट, ४५२ होमरन आणि सरासरी ०.२८५. हा शेवटचा आकडा एकटा वाचला तर वाटते, बरा खेळाडू होता, इतकेच. परंतु बेसवर पोहोचणे आणि फटक्यातली ताकद एकत्र करून, मैदान व काळ यांचा फरक वजा करणारे एक माप आहे. त्यात लीगची सरासरी म्हणजे १००. यास्ट्रेम्स्कीचे कारकिर्दीचे माप १३० आहे. सलग तेवीस वर्षांच्या चढउतारांनंतरही तो सर्वसाधारण फलंदाजापेक्षा इतका वर राहिला. १९८९मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले, ते उगाच नव्हे.

मी गझल लिहिणारा माणूस. गझलेतला शेर सुटा काढून वाचला तरी अर्थ देतो. आकड्याचे तसे नसते. त्याला त्याच्या जमिनीतच वाचावे लागते. कोणाचा ‘तीनशे एक’ कमी म्हणण्यापूर्वी त्या वर्षी बाकीच्यांना किती जमले होते, एवढे तरी विचारावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)