वादळी शटर : लावण्याचे नियम, काढण्याचे नियम

अमेरिकेतल्या फ्लोरिडात १ जून ते ३० नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे सहा महिने. तिथल्या मराठी घरांतले गणपती, नवरात्र आणि दिवाळीही याच काळात येते. २०२४ मध्ये ‘मिल्टन’ ९ ऑक्टोबरच्या रात्री सिएस्टा की इथे किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा नवरात्र चालू होतं. अशा वेळी खिडक्यांवर ॲल्युमिनियमचे किंवा पोलादी पत्रे चढतात, घडीची शटरं ओढून घेतली जातात. ती कशी असावीत, कधी लावावीत आणि कधी काढावीत, याला तिथे कायदा आहे.

या कायद्यामागे २४ ऑगस्ट १९९२ चं ‘अँड्र्यू’ वादळ आहे. मायामीच्या दक्षिणेला होमस्टेड परिसरात त्याने वस्त्याच्या वस्त्या झोपवल्या. घरं नेमकी कशी पडली याची तपासणी झाली, तेव्हा खिडक्यांचं महत्त्व ठळकपणे पुढे आलं. उडून आलेल्या लाकडाने काच फुटते, वारा आत घुसतो, आतला दाब छपराला खालून रेटतो आणि वरून वाहणारा वारा त्याच छपराला वर खेचतो. एका फुटक्या खिडकीपायी अख्खं छप्पर जातं. काचेवर चिकटपट्टीची फुली मारून यातलं काहीही टळत नाही; ती सवय सोडलेलीच बरी.

त्यानंतर मायामी-डेड काउंटीने घातलेली परीक्षा मला फार आवडते, कारण ती वादळाचीच नक्कल आहे. सुमारे ४ किलो वजनाची लाकडी फळी तोफेसारख्या यंत्रातून ताशी ५५ किलोमीटर वेगाने शटरवर मारतात. मग त्याच शटरवर हजाराहून अधिक वेळा दाब देतात आणि काढतात, कारण वादळाचा वारा झोतांनी येतो. यात टिकेल त्यालाच काउंटीची मान्यता. पुढे २००२ मध्ये सबंध राज्याला एकच बांधकाम संहिता लागू झाली. मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या दोन काउंट्यांचे नियम त्यात सर्वांत कडक आहेत.

दुसरी बाजू शेजाऱ्यापाजाऱ्यांची. तिथल्या गृहसंस्था घराच्या रंगापासून हिरवळीपर्यंत सगळ्यावर लक्ष ठेवतात आणि शटरं वसाहतीला शोभत नाहीत म्हणून अडवणूक व्हायची. २०२४ च्या कायद्याने ती वाट बंद केली. रंग आणि नमुना संस्थेने ठरवावा. पण त्या नमुन्यात बसणाऱ्या शटरला नकार देता येणार नाही. सदनिकांच्या इमारतींना असा नियम आधीपासूनच होता. जीव वाचवणाऱ्या वस्तूला दिसण्याच्या कारणाने विरोध करणं चूकच होतं, आणि कायद्याने इथे योग्य बाजू घेतली.

मात्र शटरं मोसमभर बंद ठेवण्याला अनेक गावं आणि संस्था मनाई करतात. वादळाचा इशारा आला की लावा, धोका टळल्यावर ठरावीक दिवसांत काढा, असा नियम असतो. दिवस गावागणिक बदलतात. लोकांना हा जाच वाटतो, आणि वयस्कर माणसाला जड पत्रे पुन्हापुन्हा चढवणं खरोखरच अवघड आहे. तरीही हा नियम मला शटर लावण्याच्या नियमाइतकाच महत्त्वाचा वाटतो. रात्री आग लागली आणि दाराची वाट धुराने अडली, तर शयनगृहातून सुटायला खिडकीच उरते. बाहेरून नटांनी आवळलेला पत्रा आतून उघडत नाही, आणि आत कोणी आहे का हे अग्निशमन दलालाही दिसत नाही. वादळानंतर वीज नसते, जनरेटर चालतात. कोंडलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं दगावतात. जनरेटर गॅरेजमध्येसुद्धा लावू नये.

तुमची मुलं-नातवंडं फ्लोरिडात असतील, तर येत्या मे महिन्यात त्यांना फोन करून तीन गोष्टी विचारा. पत्र्यांवर खिडक्यांचे क्रमांक घातलेत का? नट-बोल्ट पुरेसे आहेत का? आणि प्रत्येक शयनगृहातून आतून उघडणारी एक तरी वाट मोकळी राहते का?