वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर 'पुरेसे खाणे' म्हणजे किती?



पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्या भागात ज्या शस्त्रक्रियेचे नावही कुणाला ठाऊक नव्हते, ती आता वडीगोद्रीच्या पारावरही चर्चेला येते. श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ती करून घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळांना तिची माहिती झाली. शस्त्रक्रिया तशी जुनी. पोटाचा बायपास डॉ. एडवर्ड मेसन यांनी अमेरिकेत १९६६ साली सुरू केला. ती कुणी करावी, कुणी करू नये, हे डॉक्टरांनी ठरवायचे. दवाखान्यातून घरी आल्यावरचे पहिले दीड-दोन महिने मात्र घरच्यांच्या हातात असतात, आणि तिथेच आपली चूक होते.

वडीगोद्रीच्या एका सभासदाच्या घरची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, त्यांची परवानगी मात्र घेतली आहे. घरातल्या सूनबाईंचे वजन ११८ किलो, जोडीला मधुमेह आणि गुडघेदुखी. दिवाळीनंतर शहरात शस्त्रक्रिया झाली, चौथ्या दिवशी घरी आल्या. इकडे कारखान्याचा हंगाम सुरू, तोडणीची टोळी फडात, घरात धावपळ. भेटायला येणारी प्रत्येक बाई एकच सांगे, "आता तोंडावर ताबा ठेव गं, न्हाई तर पैसा पाण्यात जाईल." सूनबाईंनाही भूक नव्हतीच. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी चार चमचे पेज, रात्री काही नको. काट्यावर रोज वजन उतरलेले दिसे, त्यामुळे सगळेच खूश. अठराव्या दिवशी बाजेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या पडल्या. लघवी दोन दिवसांपासून गडद आणि थोडीच होत होती, पण त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

पुन्हा शहरात नेले. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसभराचे खाणे-पिणे कागदावर लिहायला लावले. हिशेब केला तर प्रथिने दहा ग्रॅमसुद्धा भरेनात, आणि पाणी जेमतेम अर्धा लिटर. लागत होती किमान साठ ग्रॅम प्रथिने आणि दीड लिटर पाणी. त्या म्हणाल्या, "शस्त्रक्रियेनं कमी खायला लावलंय, उपाशी राहायला नाही."

भूक का लागत नाही, हे समजून घेतले पाहिजे. स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात, उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. जो भाग काढतात, त्यातच भुकेचा संदेश देणारा रस मोठ्या प्रमाणात तयार होतो. बायपासमध्ये तर सुरुवातीला दोन मोठे चमचे मावतील एवढीच पिशवी ठेवतात. म्हणून या दिवसांत भुकेवर विसंबून चालत नाही. आपण बेणे लावल्यावर आंबवणीचे पाणी देतो, ते दिवस मोजून. उसाने मागितले म्हणून नव्हे. इथेही घड्याळच बघावे लागते.

घड्याळ त्या घरात आत्याबाईंच्या हाती गेले. ज्या सासूबाई आधी "कमी खा" म्हणत होत्या, त्यांनीच दर दहा मिनिटांना दोन घोट पाण्याचा वसा घेतला. एकदम पेलाभर पाणी पोटात मावत नाही, छातीत दाटते. घोट घोट मात्र दिवसाकाठी दीड लिटर आरामात जाते. घट्ट आहार सुरू झाल्यावर जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवणानंतरही अर्धा तास थांबायचे.

आता खाण्याचे. बहुतेक ठिकाणी पहिले एक-दोन दिवस नितळ पाणी, ताकाची निवळ, सूप. मग साधारण दोन आठवडे गाळलेले पातळ पदार्थ, पुढे दोन-तीन आठवडे मिक्सरमधून काढलेले, नंतर मऊ अन्न. प्रत्येक डॉक्टरांचे वेळापत्रक थोडे वेगळे असते, आपल्या कागदावर लिहिले असेल तेच पाळावे. पण कुठल्याही टप्प्यावर, पहिला घास प्रथिनांचा.

आपल्याकडे आजारी माणसाला काय देतात? तांदळाची पेज, साबुदाण्याची खीर. पेजेत प्रथिने थोडी आणि साबुदाण्यात जवळजवळ नाहीतच. इवल्याशा पोटात तेच भरले, तर जागा गेली आणि हाती काही आले नाही. त्यापेक्षा मुगाच्या डाळीचे दाट, घोटलेले वरण, घट्ट दही, कुस्करलेले पनीर, चालत असेल त्यांना मऊ अंडे. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे अठरा, पेलाभर दुधात सहा-सात. साठ ग्रॅम नुसत्या दुधातून भरून काढायचे तर जवळपास दोन लिटर दूध लागेल, आणि ते या पोटात जाणार कुठे? म्हणून डॉक्टर प्रथिनांची पावडर देतात. "पैलवानांची पावडर बाईमाणसाला कशाला?" असे त्या घरातही कुणी म्हणालेच. दवाखान्याने दिलेली पावडर पहिले काही आठवडे औषधच समजावी.

प्रथिने कमी पडली की शरीर चरबीबरोबर मांसही जाळते. हातापायांतले बळ जाते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. ते बहुधा परत येतात, पण उपासमार झाली तर जास्त गळतात.

याहून गंभीर बाब उलट्यांची. बी-१ हे जीवनसत्त्व शरीरात दोन-तीन आठवडे पुरेल एवढेच साठलेले असते. खाणे नाही आणि वर सतत उलट्या, अशा स्थितीत ते संपते. मग एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, अशी लक्षणे येतात. अशा रुग्णाला बी-१ न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून गावातल्या दवाखान्यात गेलात तरी पहिले वाक्य हेच बोला : "वजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे." सोबत डिस्चार्ज कार्ड ठेवा. उलट्या दिवसभर थांबल्या नाहीत, ताप आला, पोटात कळा आल्या किंवा छाती धडधडू लागली तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना लगेच फोन करावा, सकाळची वाट पाहू नये.

मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचेही तसेच. खाणे घटले आणि जुनाच डोस चालू राहिला, तर साखर एकदम उतरते. डोस नव्याने ठरवून घ्यावा, स्वतःच्या मनाने बंदही करू नये. जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या मात्र वजन उतरले म्हणून सोडायच्या नाहीत, त्या बहुतेकांना जन्मभर लागतात.

आता आपल्या घरचा प्रश्न. ऊस आपला, गूळ आपला, पाहुण्याला रस दिल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. त्या घरी पाहुण्यांनी प्रेमाने ताज्या रसाचा तांब्या आणला होता, "यानं ताकद येती" म्हणून. पोटातून आतड्यात साखर झपाट्याने उतरली की घाम, धडधड, चक्कर, जुलाब होतात. बायपासवाल्यांना हा त्रास विशेष होतो. आणि त्रास झाला नाही तरी रसाने जागा आणि उष्मांक दोन्ही खाल्ले, प्रथिने मात्र शून्य. साखर कारखान्याच्या पत्रकात हे लिहिताना जरा अवघडल्यासारखे होते खरे, पण रस, काकवी आणि गूळ हे तीनही या दिवसांत दूरच ठेवावेत.

सूनबाईंना आता चौथा महिना आहे. वाटीभर वरण, वर थोडे पनीर, आणि पाव भाकरी कुस्करून, एवढे जेवायला त्यांना अर्धा तास लागतो. घरातले बाकीचे उठून जातात, आत्याबाई तेवढ्या शेजारी बसून राहतात.