सात पैशांचा 'सकाळ' आणि परुळेकरांचे घर

दिल्लीत टिळक मार्गावर सर्वोच्च न्यायालयाची घुमटाची इमारत उभी आहे. टिळक म्हणजे पुण्याचेच एक संपादक. त्यांच्या नावाच्या या रस्त्यावर पुण्याच्याच दुसऱ्या एका संपादकाच्या घराण्याचे नाव दोनदा पुकारले गेले. एकदा संपादक स्वतः हयात असताना, वाचकांच्या हक्कासाठी. दुसऱ्यांदा त्यांच्या मागे, त्यांच्या मुलीच्या हक्कासाठी. या दोन खटल्यांच्या मधोमध एका कुटुंबाची कहाणी आहे.

ते संपादक म्हणजे डॉ. नारायण भिकाजी ऊर्फ नानासाहेब परुळेकर.

अमेरिकेहून बुधवार पेठेत

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या तरुणाला चांगली नोकरी कुठेही मिळाली असती. त्यांनी मात्र पुण्यात दैनिक काढायचे ठरवले. पुणे तेव्हा मुंबईच्या मानाने लहान शहर. 'केसरी' होता, जुना 'ज्ञानप्रकाश' होता. पण पेपर म्हणजे मुख्यतः अग्रलेख आणि मते, अशीच वाचकांची समजूत होती. रोजच्या बातम्या साध्या मराठीत आणि थोडक्यात घरोघरी पोहोचवणे हा विचारच नवा होता.

१ जानेवारी १९३२ रोजी 'सकाळ'चा पहिला अंक निघाला. तीनच दिवसांनी, ४ जानेवारीला, गांधीजींना अटक झाली आणि देशभर धरपकड सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण आणि पाठोपाठ पुणे करार झाला. साऱ्या देशाचे लक्ष पुण्याकडे लागले होते आणि नव्या दैनिकाच्या दारातच बातमी येऊन उभी होती.

परंतु नानासाहेबांची नजर मोठ्या बातमीइतकीच छोट्या बातमीवरही असे. गावोगावी बातमीदार नेमून त्यांनी तालुक्याच्या गावातले पाणी, रस्ते, शाळा, बाजारभाव हे विषय पेपरात आणले. ज्या गावाचे नाव कधी छापून आले नव्हते, ते छापून येऊ लागले. घरातल्या ज्या माणसांना अग्रलेख जड वाटे, तीही पेपर उघडू लागली.

फ्रान्सची लेक, पुण्याची सून

नानासाहेबांच्या पत्नी मूळच्या फ्रेंच. पुण्याच्या संसारात त्या शांताबाई झाल्या. त्या काळचे पुणे आठवून पाहा. सोवळे-ओवळे अजून घराघरात होते आणि परजातीत लग्न झाले तरी वाड्यात कुजबुज होई. अशा गावात परदेशी सुनेने पाऊल टाकायचे, तेही एका वर्तमानपत्रवाल्याचे बोट धरून, म्हणजे धाडसच!

दैनिकाच्या संपादकाचे घर इतरांच्या घरासारखे नसते. शहर झोपते तेव्हा छापखाना जागा असतो. सण असो की आजारपण, उद्याचा अंक चुकत नाही. पेपर चालला तर संसार चालतो आणि पेपर अडचणीत आला की घर अडचणीत येते. संपादकाशी लग्न करणारी स्त्री त्याच्या पेपरशीही संसार करत असते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

या दोघांची मुलगी क्लॉड-लीला. नावातच आईचा देश आणि वडिलांचा देश शेजारी-शेजारी आहेत. मुक्या प्राण्यांसाठी केलेल्या कामामुळे पुढे त्या पुणेकरांच्या परिचयाच्या झाल्या.

वाचकही कोर्टात

१९४८ मध्ये 'सकाळ'ची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. १९६० च्या सुमारास दैनिकाचा खप ५२ हजारांच्या घरात होता. किंमत फक्त सात नवे पैसे. आठवड्याचे पाच दिवस सहा पाने आणि एक दिवस चार, म्हणजे सहा दिवसांत ३४ पाने. रविवारचा अंक वेगळा.

तेवढ्यात सरकारचा हुकूम आला. १९५६ च्या कायद्याच्या आधारे १९६० मध्ये काढलेल्या या आदेशाने पेपरची पाने आणि किंमत यांची सांगड घातली. इतकी पाने द्यायची तर किंमत इतकी हवीच! मोठ्या पेपरांच्या स्पर्धेपासून लहान पेपरांना वाचवायचे, असा सरकारचा हेतू सांगितला गेला. 'सकाळ'पुढे दोनच वाटा उरल्या. पाने कमी करायची किंवा किंमत वाढवायची. पाने घटली तर बातम्या घटणार आणि किंमत वाढली तर वाचक घटणार.

परुळेकर सर्वोच्च न्यायालयात गेले. विशेष म्हणजे 'सकाळ'च्या दोन वाचकांनीही वेगळे अर्ज केले. २५ सप्टेंबर १९६१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती मुधोळकरही मराठीच. पेपर किती लोकांपर्यंत पोहोचतो हाही भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे, धंद्यावर नियंत्रण आणण्याच्या नावाखाली त्याला कात्री लावता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. कायद्याचे ते कलम आणि तो आदेश दोन्ही रद्द झाले. आजही वृत्तपत्रस्वातंत्र्याचा विषय निघाला की कायद्याचे विद्यार्थी हा खटला वाचतात.

मागे काय उरते?

८ जानेवारी १९७३ रोजी नानासाहेब गेले. त्यांचे आत्मचरित्र 'निरोप घेता' या नावाचे आहे. मागे शांताबाई होत्या, मुलगी होती आणि एक कंपनी होती. १९८५ मध्ये 'सकाळ' पवार कुटुंबाकडे गेला. कंपनीच्या शेअरांवरून क्लॉड-लीला यांनी दिलेला लढा पुढे वर्षानुवर्षे चालला आणि शेवटी तोही दिल्लीत पोहोचला. सर्वोच्च न्यायालयाचा त्यावरचा निकाल २००५ चा, म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर ३२ वर्षांनी.

दोन्ही खटले शेजारी ठेवले की मन थबकते. पहिल्यात सात पैसे देणारा वाचक संपादकाच्या बाजूला येऊन उभा राहिला होता. दुसऱ्यात प्रश्न शेअरांचा होता, तिथे वाचकाला जागाच नव्हती. शेअर कोणाचे, हे न्यायालय सांगू शकते. वाचकाचा विश्वास मात्र कोणत्याही मृत्युपत्राने पुढच्या पिढीच्या नावावर करता येत नाही. तो ज्याच्या हाती पेपर आहे त्याला रोज सकाळी नव्याने मिळवावा लागतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी दुकान असते, छापखाना असतो, छोटा कारखाना असतो. तो उभा करताना घरातल्या बाईचे आणि मुलांचे कष्ट आपण गृहीत धरतो. पुढे त्याचे काय व्हावे, हे मात्र कोणी मोकळेपणाने बोलत नाही. ते बोलणे कर्ता माणूस हयात असताना, सर्वांसमोर झालेले बरे.

आणि उद्या सकाळी चहाबरोबर पेपर उघडाल, तेव्हा तो आपल्या दारापर्यंत परवडणाऱ्या किमतीत यावा म्हणून पुण्याचे एक घर दिल्लीपर्यंत गेले होते, हेही आठवा.