हरलो, हे कोणाला सांगायचं?

जुगाराच्या विळख्यातून : भाग ६

जुगार सोडण्याची शपथ बहुतेक घरांत एकदा नाही, अनेकदा घेतलेली असते. पोराच्या डोक्यावर हात ठेवून, कुलदैवतापुढे उभं राहून, कोलकात्यात राहत असाल तर कालीघाटला जाऊन. शपथ घेताना तो माणूस खोटं बोलत नसतो, हे मला आधी ठासून सांगायचं आहे. त्या घटकेला त्याला खरोखरच सोडायचं असतं. मग महिन्याभरात ती का मोडते?

गेल्या भागात आपण पाहिलं, की हरलेली रक्कम परत मिळवण्याची धडपड हाच या आजाराचा कणा असतो. शपथ मोडण्याचं कारणही तिथेच सापडतं. बायकोला चाळीस हजारांचं कर्ज सांगितलेलं असतं, प्रत्यक्षात ते दोन लाखांचं असतं. उरलेले एक लाख साठ हजार त्याच्या एकट्याच्या डोक्यात राहतात. सावकाराचा फोन त्यालाच येतो. पगारातून ते फिटणार नाहीत हे त्याला कळतं आणि झटपट पैसे उभे करण्याचा त्याच्या माहितीतला मार्ग एकच असतो. लपवलेलं कर्ज हे पुढच्या डावाचं बियाणं असतं. खेळणार नाही एवढंच शपथेत म्हटलेलं असतं. लपवलेल्या आकड्याबद्दल तिच्यात अवाक्षरही नसतं.

पण तो आकडा घरी सांगणं सोपं नाही. ज्यांना सांगायचं त्यांचेच दागिने गेलेले असतात, त्यांचीच मुदत ठेव मोडलेली असते. प्रत्येक खऱ्या वाक्यागणिक समोरचं माणूस कोसळताना दिसतं, म्हणून तो निम्मंच बोलतो. इथे तिसऱ्या माणसाची गरज लागते. त्याचं आपल्यामुळे काही बुडालेलं नसावं आणि आपल्यासारखाच तोही बुडालेला असावा. आपण देणार ती प्रत्येक सबब त्याने स्वतः कधी तरी घरी दिलेली असते, म्हणून तो फसत नाही. आणि फसत नसला तरी तुटून पडत नाही. समदुःखी सोबतीची सगळी ताकद मला यात दिसते.

हे सूत्र अनुभवातून हाती आलं. १९५७ च्या जानेवारीत जुगाराने उद्ध्वस्त झालेल्या दोन माणसांची अमेरिकेत योगायोगाने गाठ पडली. ते नियमित भेटू लागले आणि महिने उलटले तरी दोघांपैकी कोणीही डावाला परत गेलं नाही. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला लॉस एंजलिसमध्ये 'गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस'ची पहिली सभा भरली. चौकट १९३५ पासून चालत आलेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'ची घेतली: बारा पायऱ्या, आडनावाशिवाय ओळख, फी नाही आणि 'फक्त आजचा दिवस' हा हिशोब. नव्या माणसापुढे वीस प्रश्न ठेवतात. झोप उडाली का, कामावरचं लक्ष उडालं का, खेळण्यासाठी कधी वस्तू विकली का, अशा धर्तीचे. जुगाराच्या पकडीत सापडलेली बहुतेक माणसं त्यांतल्या किमान सातांना 'हो' म्हणतात.

योगायोग असा, की पश्चिम बंगालचा जुगारविषयक कायदाही १९५७ चाच आहे. ब्रिज, रमी, पोकर हे पत्त्यांचे खेळ त्याने जुगाराच्या व्याख्येबाहेर ठेवले. कोलकात्याचं जुगाराशी नातं तर त्याहून कितीतरी जुनं. मैदानावरच्या रेसकोर्सचा रॉयल कलकत्ता टर्फ क्लब १८४७ चा. बडाबाजारात पाऊस पडेल की नाही यावर पैजा लागत, छपरावरच्या पन्हाळीतून पाणी वाहिलं की हारजीत ठरे, आणि हे इतकं वाढलं की १८९७ मध्ये पावसाच्या जुगारावर बंदी आणणारा वेगळा कायदा करावा लागला. आज रस्त्यावर टेबल मांडून लॉटरीची तिकिटं विकली जातात. ती कायदेशीर आहेत आणि त्यांच्या सोडती दिवसातून तीनदा निघतात. शिवाय 'फटाफट' नावाचा आकड्यांचा बेकायदा खेळ आहे. आपल्या मटक्याचाच तो भाऊबंद, पण त्याच्या दिवसाला आठ बाज्या होतात. म्हणजे सकाळी हरलेल्याला त्याच दिवशी वसुलीच्या आणखी सात संधी दिसतात. व्यसन जडवण्यासाठी याहून नेमकी रचना मला सुचत नाही.

फोनवरच्या पैशांच्या खेळांना ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मनाई झाली. खेळ चालवणाऱ्याला तुरुंगवास आणि दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही, ही त्याची दिशा मला योग्य वाटते. पण त्यामुळे बुकीचा नंबर फोनमधून पुसला जात नाही.

त्यामुळे नुकतंच सोडलेल्या माणसाला शहर तेच ठेवून वाट बदलावी लागते, आणि हा शब्द अक्षरशः घ्यायचा. मेट्रोपर्यंत जाताना तिकिटांची टेबलं टाळून दुसऱ्या गल्लीने जायचं. आकडे येणारे ग्रुप सोडायचे. स्वतःची परीक्षा पाहायला जायचं नाही, हे गॅम्ब्लर्स ॲनॉनिमसच्या गटातली जुनी माणसं नव्याला पहिल्याच आठवड्यात बजावतात. त्यांचा आणखी एक नियम बाहेरच्यांना अतिरेकी वाटतो: पैज कितीही क्षुल्लक असो, ती पैजच. कपभर चहाची असो, बिनपैशांची असो किंवा दुसऱ्यासाठी लावलेली असो. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. पन्नास रुपयांचा डाव चालेल की नाही, याचा निवाडा ज्या मनाने करायचा तेच मन आजारी असतं.

मग संध्याकाळ रिकामी होते. याविषयी फार कमी बोललं जातं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त जुगाऱ्याच्या तोंडी आहे. आता जायचं नाही असं तो ठरवतो, सोबती पुढे निघून जातात आणि फाशांचा आवाज कानी पडताच त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. त्याची ओढ फाशांइतकीच त्या टोळक्याची आहे. डाव सुटला की मित्र जातात, गप्पांचा विषय जातो, दिवसाला असलेली धार जाते. उरतात कर्ज आणि घरातले संशयी डोळे. गटाच्या सभा बहुधा संध्याकाळी भरतात, ते या रिकाम्या वेळासाठी फार मोलाचं ठरतं.

कोलकात्यातल्या मराठी माणसापुढे आणखी एक पेच असतो. सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी तालुक्यांतून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर गेलेली कुटुंबं बडाबाजारातही आहेत. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात जमणारी नोकरदार मंडळी वेगळी. दोन्हीकडे माणसं मोजकी आणि एकमेकांना ओळखणारी. इथे काही घडलं की विट्याला किंवा आटपाडीला संध्याकाळपर्यंत कळतं. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर बापाच्या तोंडून शब्द फुटणार नाही. अशा माणसाला आपल्या समाजापेक्षा अनोळखी गट जवळचा ठरू शकतो, मग तिथली बोली बंगाली असो की हिंदी. शिवाय गॅम्ब्लर्स ॲनॉनिमसच्या सभा फोनवरून आणि इंटरनेटवरूनही भरतात. खोली बंद करून बसायची सोय हवी, एवढंच.

गटाने करायचं सगळ्यात कठीण काम पैशांचं आहे. दारू सोडणारा दारू घरात न आणता जगू शकतो, जुगार सोडणारा पैशांवाचून जगू शकत नाही. म्हणून नवा माणूस सभांना रुळला की अनुभवी सदस्य त्याला जोडीदारासह बसवून कर्जाचा कागद करतात. संपूर्ण कर्ज, अगदी पानवाल्याच्या उधारीसकट. मग आधी घरखर्च बाजूला काढायचा, उरेल त्यातून प्रत्येक देणेकऱ्याला थोडं थोडं, मग फिटायला दहा वर्षं का लागेनात. नातेवाइकांनी एकरकमी कर्ज फेडून टाकणं इथे निषिद्ध मानतात. प्रेमापोटी आपल्याकडचे मोठे भाऊ, मामा, सासरे नेमकं तेच करतात आणि मोकळा झालेला माणूस पुन्हा उधारी मिळण्याजोगा होतो. पगाराचं खातं आणि एटीएम कार्ड जोडीदाराकडे, यूपीआयची मर्यादा किमान आणि खिशात रोजच्या खर्चापुरते रोख पैसे. अपमानास्पद वाटतं, पण हेच नियम पाळून सावरलेला माणूस समोर बसून सांगतो तेव्हा त्यातला डंख जातो.

नुसत्या गटाने सगळ्यांचं भागतं का? नाही, आणि हे लपवणं वाचकांवर अन्याय होईल. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधल्या एका अभ्यासात सभेला आलेल्या २३२ जणांचा माग काढला, तर वर्षभर एकही डाव न खेळलेले जेमतेम आठ टक्के निघाले. पुढे अमेरिकेत नॅन्सी पेट्री यांनी २३१ जणांवर प्रयोग केला. त्यात विचार आणि वर्तन यांवर काम करणारे समुपदेशनाचे आठ तास गटाच्या जोडीला दिले, तेव्हा नुसत्या गटापेक्षा फरक चांगला पडला. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गटही हवा आणि उपचारही हवेत. कोलकात्यात एसएसकेएम रुग्णालयाशी जोडलेली इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअॅट्री ही सरकारी मनोरुग्ण-उपचार संस्था आहे. कर्जामुळे जीव नकोसा झाला असेल तर सभेच्या दिवसाची वाट पाहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

बरं झालेल्या माणसाच्या शब्दाचं वजन आपल्याकडे नवं नाही. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ मध्ये गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) व्यसनींसाठी सुरू झालं. तिथे स्वतः व्यसनातून बाहेर आलेले मित्र समुपदेशक म्हणून काम करत आले आहेत. पांढऱ्या कोटातल्या माणसाला न सांगितलेली गोष्ट त्यांना सांगितली जाते. आणि सांगणाऱ्याइतकाच ऐकणाराही सावरतो. वर्ष पूर्ण झालेल्या माणसाला सभेला यायची गरज काय, असं घरचे विचारतात. त्याची गरज आता वेगळी असते: नव्याच्या कहाणीत त्याला आपली पहिली रात्र पुन्हा ऐकू येते. 'आता आपण ताळ्यावर आहोत' असं वाटू लागण्याचा काळच धोक्याचा असतो. बोनस हाती आला की तो धोका वाढतो.

सणांचंही तसंच. लक्ष्मीपूजनाच्याच अमावास्येला कोलकात्यात कालीपूजा, आणि दिवाळीत घरोघरी तीनपत्तीचे डाव मांडतात. आपल्या पाडव्याला तर द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे. शकुनाचा एक डाव खेळावा, असा आग्रह वडीलधाऱ्यांकडूनही होतो. ज्याने सोडलं आहे त्याने त्या रात्रीची आखणी आधीच स्पॉन्सरबरोबर, म्हणजे गटातल्या आपल्या अनुभवी सोबत्याबरोबर करून ठेवावी: कुठे जायचं नाही, कोणाच्या घरून किती वाजता निघायचं, हात शिवशिवायला लागले तर फोन कोणाला. आग्रह करणाऱ्यांना मी हात जोडून विनंती करतो, त्याच्या पुढ्यात पत्ते टाकू नका.

इतकं करूनही कधी स्लिप होते, म्हणजे डाव पुन्हा खेळला जातो. तेव्हा काय करायचं, हे आधी माहीत असावं. रक्कम छोटी सांगायची नाही. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करायचा आणि किती हरलो, पैसे कुठून आणले, कोणाला माहीत आहे, या तिन्ही गोष्टी सांगायच्या. जिंकला असाल तरी तितक्याच तातडीने. पुढच्या सभेला जाऊन दिवसांची मोजणी पहिल्यापासून सुरू करायची. आधी जमवलेले चार महिने गटाच्या दृष्टीने वाया जात नाहीत. ते कसे जमले आणि कोणत्या संध्याकाळी तुटले, याची उजळणी तिथेच होते.

फोन उचलणाऱ्या सोबत्याबद्दल आज बोललो. त्या रात्री शेजारच्या खोलीत जागी असलेल्या बायकोचं, आईचं काय, आणि घरच्यांसाठीचा 'गॅम-ॲनॉन' हा वेगळा गट कसा चालतो, ते पुढच्या भागात.